सायकलस्वाराची निराळी वाट

शहरांतील रस्त्यावर सायकलस्वारासाठीं निराळी वाट करून दिली म्हणजे त्याचा जीव अधिक सुरक्षित होतो, ही गोष्ट प्रथमदर्शनीं इतकी उघड वाटते कीं, तिजविषयीं वाद होण्याचें कारण काय, असेंच कोणीहि म्हणेल. एकीकडे माणसानें हातानें उचलावें एवढें हलकें यंत्र व त्यावर बसलेला उघडा मनुष्य, आणि दुसरीकडे टनभर वजनाची धांवती मोटार. या दोघांस एकाच वाटेनें चालविण्यापेक्षां त्यांची फारकत करणें बरें, हें सांगण्यास पंडित लागत नाहीं. परंतु इतिहास पाहूं गेलें असतां आश्चर्य असें दिसतें कीं, ज्यांच्या रक्षणासाठीं ही वाट करावयाची, त्या सायकलस्वारांनींच एका देशांत तिला कडवा विरोध केला. आणि दुसऱ्या एका देशांत तीच मिळावी म्हणून आयाबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. एकच वस्तु एकास फांस वाटावी व दुसऱ्यास कवच वाटावें, याचें कारण त्या वस्तूच्या इतिहासांतच शोधलें पाहिजे.

सायकलींचा स्वतंत्र मार्ग ही कल्पना मोटारीपासून बचाव करण्यासाठीं निघाली, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाहीं. सारख्या आकाराचीं दोन चाकें असलेली व मागील चाकास सांखळीनें गति देणारी 'रोव्हर' सायकल इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ सालीं बनविली, आणि १८८८ सालीं जॉन डनलप यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. या दोन शोधांमुळें सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यांत येऊं लागली. हॉलंडांत यूट्रेक्ट शहरीं, मालीबान नांवाच्या वृक्षराजीनें शोभणाऱ्या मार्गालगत, १८८५ सालींच सायकलस्वारांसाठीं वेगळी वाट तयार झाली होती. आणि अमेरिकेंत ब्रुकलिन येथें १८९४ सालीं ओशन पार्कवे या रस्त्याच्या कडेनें कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी सायकलवाट खुली झाली. त्या काळीं रस्त्यांवर मोटार जवळजवळ नव्हतीच. रस्ते मात्र दगडगोट्यांचे, पाऊस पडला कीं चिखलानें भरणारे, व घोड्यांच्या टापांनीं उखडलेले असत. त्या त्रासांतून सुटावें व चाक सफाईनें फिरावें, एवढाच त्या वाटांचा हेतु होता. म्हणजे आरंभीं निराळी वाट ही सायकलस्वारास मिळालेली सोय होती; त्याला कोणापासून दूर सारण्याचा प्रश्न त्यांत नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्यानें वाढली, आणि तीच वाट आतां निराळ्या अर्थानें पुढें आली. जर्मनींत १९३४ सालच्या वाहतुकीच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जेथें सायकलवाट असेल तेथें सायकलस्वारानें तीच वापरली पाहिजे. मुख्य रस्त्यावर येण्याची त्यास मोकळीक नाहीं. सायकलस्वारांचें रक्षण हें एक कारण सांगण्यांत येई. पण मोटारींचा मार्ग निर्वेध व्हावा, हाहि त्यामागील एक मोठा उद्देश होता. ही सरसकट सक्ति त्या देशांत १९९७ सालच्या सुधारणेनें शिथिल झाली, आणि जेथें तशी निळी पाटी लावलेली असेल त्या मार्गांपुरतीच ती राहिली. सोय आणि सक्ति यांतील सीमारेषा किती बारीक असते, हें या उदाहरणावरून ध्यानांत येईल.

ब्रिटनमध्यें हाच प्रश्न त्याच वर्षीं ऐरणीवर आला. १९३४ सालीं त्या देशाच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें ठार झालीं. लेस्ली होर-बेलिशा हे तेव्हां वाहतूकमंत्री होते. पादचाऱ्यांच्या ओलांडणीपाशीं उभे असलेले नारिंगी गोलकांचे दिवे त्यांच्याच नांवानें ओळखले जातात, आणि वस्तींतून मोटारीनें ताशीं ३० मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये, हा निर्बंधहि त्यांच्याच कारकीर्दींत, १९३५ सालीं, अंमलांत आला. डिसेंबर १९३४ मध्यें त्यांनीं लंडनच्या पश्चिम भागांतील वेस्टर्न ॲव्हेन्यू या नव्या हमरस्त्यावर सायकलमार्गाचें उद्घाटन केलें. हँगर लेनपासून ग्रीनफर्ड रोडपर्यंत सुमारें अडीच मैल, रस्त्याच्या दोहों अंगांस, साडेआठ फूट रुंदीची ही काँक्रीटची वाट होती.

सायकलस्वारांनीं या वाटेचें कौतुक करावें, अशी सरकारची अपेक्षा असल्यास ती सपशेल फसली. 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' ही १८७८ सालीं स्थापन झालेली जुनी व वजनदार संस्था या वाटेच्या विरुद्ध उभी राहिली. तिचें म्हणणें थोडक्यांत तीन मुद्द्यांचें होतें. एक, रस्ता सर्वांचा आहे. १८८८ सालच्या कायद्यानें सायकल हें रीतसर वाहन ठरलें आहे. तेव्हां धोका जो निर्माण करतो त्याला आवर घालण्याऐवजीं ज्याच्यावर धोका येतो त्यालाच बाजूस सारणें हा न्याय नव्हे. दुसरें, ही वाट प्रत्येक आडरस्त्यापाशीं तुटते. तेथें सायकलस्वारानें उतरावें, थांबावें, आणि पुन्हां आपला जीव मुठींत धरून पुढें जावें. तिसरें, आज जी वाट ऐच्छिक म्हणून दिली जात आहे ती उद्यां सक्तीची होईल. हा तिसरा संशय अगदींच अनाठायीं नव्हता. रस्त्यांवरील अपघातांचा विचार करण्यासाठीं लॉर्ड ॲलनेस यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या सरदारसभेच्या समितीनें १९३९ सालच्या अहवालांत सायकलमार्ग बांधावेत आणि ते असतील तेथें त्यांचाच उपयोग करण्याची सक्ति असावी, अशी शिफारस केली. त्याच वर्षीं दुसरें महायुद्ध सुरू झालें, आणि सक्तीचा बेत बासनांत पडून राहिला.

सायकलस्वारांचा हा विजय पुढें किती पोकळ ठरला, तें आंकड्यांवरून कळतें. १९४९ सालीं ब्रिटनमध्यें सायकलींवरून वर्षाकांठीं सुमारें १,४७० कोटि मैल प्रवास होत असे. १९७३ सालीं तो सुमारें २३० कोटि मैलांवर आला. मोटार स्वस्त झाली, वस्ती दूरदूर पसरली, अशीं इतरहि कारणें त्यास होतीं. परंतु मोटारींच्या लोंढ्यांत भर रस्त्यानें सायकल हांकण्याचें धैर्य थोड्यांच्याच अंगीं असतें, हेंहि तितकेंच खरें. रस्त्यावरील हक्क कायद्यांत शाबूत राहिला. तो बजावणारा मनुष्य मात्र रस्त्यावरून दिसेनासा झाला.

याच्या उलट टोंकाचें उदाहरणहि त्याच देशांत सांपडतें. युद्धानंतर लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज हें नवें नगर वसविण्यांत आलें. तेथील मुख्य अभियंते एरिक क्लॅक्स्टन हे स्वतः सायकलीचे भोक्ते होते. त्यांनीं मोठ्या रस्त्यांच्या बाजूनें प्रशस्त सायकलमार्ग काढले, आणि चौकांच्या ठिकाणीं ते भुयारी मार्गानें रस्त्याखालून नेले, जेणेंकरून मोटार व सायकल यांची गांठच पडूं नये. मार्ग उत्तम होते. परंतु नगरांतील मोटारींचे रस्तेहि तितकेच ऐसपैस व विनाअडथळा होते. त्यामुळें बहुतेक नागरिकांनीं मोटारच पसंत केली, आणि सायकलमार्ग बव्हंशीं मोकळे राहिले. वाट सुरक्षित असणें ही एक गोष्ट, आणि तिच्यावरून जाण्याची लोकांस गरज व गोडी वाटणें ही दुसरी गोष्ट, हा धडा स्टीव्हनेजनें शिकविला.

आतां हॉलंडकडे वळूं. तो देश सपाट असल्यामुळें तेथें सायकल फार लौकर घरोघर पोहोंचली. पण म्हणून तो आजच्यासारखा सायकलींचा देश अखंड राहिला, असें समजणें चुकीचें होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंहि संपन्नता आली, मोटारी आल्या, आणि त्यांच्यासाठीं शहरांतील जुने मोहोल्ले पाडून रस्ते रुंद करण्याचा सपाटा सुरू झाला. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. शाळेस निघालेलें मूल संध्याकाळीं घरीं परत येईल कीं नाहीं, ही शंका हजारों घरांतून शिरली. व्हिक लांगेनहोफ नांवाच्या पत्रकाराची स्वतःची मुलगी अशाच अपघातांत गेली होती. त्यानें १९७२ सालीं 'डे टैट' या वृत्तपत्रांत 'मुलांची हत्या थांबवा' या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि त्याच नांवाची चळवळ उभी राहिली. अपघात हा शब्दच या लोकांस मान्य नव्हता. जें दरवर्षीं ठराविक प्रमाणांत घडतें आणि जें टाळण्याचा उपाय माणसाच्या हातीं आहे, त्यास दैवाचा खेळ कसें म्हणावें, असा त्यांचा सवाल होता. मुलांसह त्यांनीं रस्ते अडविले. मोटारींच्या जागीं मुलें खेळूं लागलीं.

त्यांतच १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा रोखला, आणि त्या हिंवाळ्यांत डच सरकारला कांहीं रविवारीं मोटारी पूर्ण बंद ठेवाव्या लागल्या. मोटारींवांचून शहर कसें दिसतें, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९७५ सालीं सायकलस्वारांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. त्यानंतर सरकारी साहाय्यानें टिलबर्ग व हेग या शहरांत नमुन्यादाखल एकेक स्वतंत्र सायकलमार्ग बांधण्यांत आला. त्या मार्गांवर स्वारांची गर्दी वाढली; पण एकुलत्या एका मार्गानें शहरांतील सायकलप्रवासाचें स्वरूप पालटत नाहीं, हेंहि अनुभवास आलें. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत डेल्फ्ट शहरीं तुटक वाटा जोडून घरापासून शाळेपर्यंत व बाजारापर्यंत अखंड जाळें विणण्याचा प्रयोग झाला. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरील वाट मंत्र्यानें दिली होती. ही वाट पालकांनीं मागून घेतली. मागणारा जागरूक असला म्हणजे दिलेली वस्तु कशी आहे, हेंहि तो तपासून घेतो. इंग्लंड व हॉलंड यांतील फरकाचें मर्म पुष्कळसें येथेंच आहे.

तथापि लोकांस हवीशी वाटते म्हणून वाट सुरक्षित ठरत नाहीं; त्याची निराळी परीक्षा झाली पाहिजे. ती झालीहि. डच संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत तपास केला, तेव्हां दुहेरी उत्तर मिळालें. दोन चौकांमधील सरळ रस्त्यावर, उंचवट्यानें किंवा झाडांच्या पट्टीनें अलग केलेली वाट सायकलस्वारास निश्चित लाभदायक ठरली. परंतु चौकांत तोच लाभ उलटला. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील मार्गांचा अभ्यास २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, त्यांतहि हाच सूर उमटला. मार्ग बांधल्यावर तेथील सायकलींची रहदारी १८ ते २० टक्क्यांनीं वाढली. पण अपघातांची व जखमींची संख्याहि ९ ते १० टक्क्यांनीं वाढली, आणि ही वाढ चौकांतील होती. याच्या उलट कॅनडांतील माँट्रिऑल शहराच्या सहा सायकलमार्गांचा हिशेब २०११ सालीं मांडला गेला, तेव्हां तुलनेस घेतलेल्या साध्या रस्त्यांपेक्षां तेथें जखमी होण्याचें प्रमाण २८ टक्क्यांनीं कमी आढळलें. टोरांटो व व्हँकूव्हर या शहरांत ६९० जखमी सायकलस्वारांची पाहणी होऊन २०१२ सालीं असा निष्कर्ष निघाला कीं, कडेला मोटारी उभ्या असलेल्या हमरस्त्यावर जो धोका असतो, त्याच्या नवमांश धोका अलग केलेल्या सायकलमार्गावर असतो. ही मतें परस्परविरुद्ध दिसतात खरीं. पण बारकाईनें पाहिलें तर तीं एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत. वाट कोठें सुरू होते, यापेक्षां ती चौकांत काय करते, यावर निकाल अवलंबून असतो.

असें कां व्हावें, तें समजून घेणें कठीण नाहीं. सायकलस्वार उभ्या मोटारींच्या किंवा झाडांच्या रांगेआडून येत असतो. मोटार हांकणाऱ्याच्या दृष्टीस तो कांहीं वेळ पडलेलाच नसतो. मोटार आडरस्त्यास वळते त्या क्षणीं तो एकाएकीं तिच्या पुढ्यांत उभा ठाकतो. मालमोटार असेल तर संकट अधिक. कारण तिच्या चालकास आपल्या बगलेलगतची जागा बसल्या ठिकाणाहून दिसत नाहीं. म्हणजे सरळ रस्त्यावर ज्या आडोशानें स्वाराचें रक्षण केलें, तोच आडोसा चौकांत त्याचा घात करतो. यावर डच अभियंत्यांनीं हळूहळू उपाय बसविले. चौकाजवळ सायकलमार्ग मुख्य रस्त्यापासून सुमारें एका मोटारीच्या लांबीइतका आंत वळवावा, म्हणजे वळलेली मोटार स्वारासमोर काटकोनांत येऊन थांबूं शकते व चालकास तो नीट दिसतो. रस्त्याचा कोपरा अरुंद ठेवावा, म्हणजे मोटारीस वेग कमी केल्यावांचून वळतांच येत नाहीं. ओलांडणीची जागा उंच करावी. आणि मोठ्या चौकांत सायकलींस दिव्याची निराळी खूण द्यावी. १९३४ सालच्या वाटेंत ज्याचा विचार झाला नाहीं तें नेमकें हेंच होतें, आणि सायकलस्वारांच्या जुन्या क्लबाचा दुसरा आक्षेप खरा होता तो याच जागीं.

रस्त्यावर रंगाचा पट्टा ओढून आंखलेली वाट ही तर आणखीच वेगळी गोष्ट. रंगास धार नसते, उंची नसते, आणि मोटारीच्या चाकास तो अडवीत नाहीं. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें मोजमाप करून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, जेथें असा पट्टा होता तेथें मोटारी स्वारास अधिकच खेटून जात. पट्ट्यापलीकडची जागा आपलीच, असें चालक धरून चालत. लंडनमध्यें २०१० सालीं निळ्या रंगाचे 'सुपरहायवे' म्हणून सायकलमार्ग आंखण्यास प्रारंभ झाला. त्यांपैकीं एका मार्गावर, बो येथील वर्तुळाकार चौकाशीं, २०११ सालीं एका महिन्याच्या आंत दोन सायकलस्वार मालमोटारींखालीं सांपडून मरण पावले. त्या चौकशीच्या वेळीं मृत्यूंची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानें २०१३ सालीं निळ्या रंगामुळें स्वारास सुरक्षिततेचा खोटा भास होतो, असा इशारा दिला. पुढें २०१६ च्या सुमारास त्या मार्गाचा बराच भाग दगडी कडा घालून अलग करण्यांत आला. अंगावर पांघरूण असल्याचें नुसतें चित्र काढल्यानें थंडी थोडीच जाते!

येथें आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. हॉलंडमधील बहुतेक गल्ल्याबोळांत निराळी सायकलवाट नाहींच. तेथें मोटारीलाच सायकलीच्या चालीनें चालावें लागतें. डेल्फ्टमध्यें उगम पावलेल्या, माणसांच्या वावरासाठीं राखलेल्या वस्तीच्या रस्त्यांस १९७६ सालीं कायद्याचा आधार मिळाला. आणि पुढें वस्तींतील रस्त्यांवर ताशीं ३० किलोमीटरची वेगमर्यादा पसरत गेली. जेथें वेग अधिक तेथें फारकत, आणि जेथें फारकत नाहीं तेथें वेग कमी, असा हा साधा हिशेब आहे. धोका निर्माण करणाऱ्यास आवरा, हें इंग्रज सायकलस्वारांचें म्हणणें आणि मुलांस निराळी वाट द्या, ही डच पालकांची मागणी, यांचा मेळ अखेर असा बसला.

याचें फळ काय मिळालें? १९७१ सालीं सुमारें ३,३०० असलेले हॉलंडमधील रस्त्यांवरील मृत्यु २०२२ सालीं सुमारें ७४० वर आले. याचें सारें श्रेय सायकलमार्गांस देणें अन्यायाचें होईल. मद्यपान करून मोटार हांकण्यास बंदी, आसनास बांधावयाचे पट्टे, सुधारलेलें वैद्यक, या साऱ्यांचा त्यांत वांटा आहे. शिवाय त्या ७४० मध्यें सुमारें २९० सायकलस्वार होते, म्हणजे मोटारींत बसून मेलेल्यांहून अधिक. त्यांत वृद्धांचें प्रमाण मोठें आहे, आणि विजेच्या सायकलींनीं वेग वाढवून नवी काळजी उत्पन्न केली आहे. तेव्हां हॉलंडनें हा प्रश्न कायमचा सोडविला, असें म्हणतां येत नाहीं. मात्र शाळेस जाणारें मूल हें ज्या देशांत सर्वांत मोठ्या भीतीचा विषय होतें, त्याच देशांत आज लहान मुलें सायकलीवरून एकटीं शाळेस जातात, ही गोष्ट लहान नव्हे.

पुणें शहर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तेथें २००६ सालापासून सातारा व हडपसर रस्त्यांवर बसगाड्यांच्या स्वतंत्र मार्गिकांबरोबर सायकलवाटाहि बांधण्यांत आल्या, आणि २०१७ सालीं महानगरपालिकेनें साऱ्या शहरासाठीं सायकल आराखडा मंजूर केला. त्या वाटांवर उभीं केलेलीं वाहनें, मांडलेलीं दुकानें, आणि ऐन चौकांत लुप्त होणारी वाट, या तक्रारी पुणेकरांस नव्या नाहींत. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरील तक्रार नव्वद वर्षांनंतरहि जुनी झालेली नाहीं, एवढाच याचा अर्थ.

म्हणून सायकलवाटेनें शहरांतील सायकलस्वार सुरक्षित होतो काय, या प्रश्नास इतिहासाचें उत्तर असें आहे: वाट जेथें खरोखर अलग आहे, अखंड आहे, आणि चौकांतहि स्वाराची साथ सोडीत नाहीं, तेथें होतो, जेथें ती केवळ रंगाची रेघ आहे, अथवा गरजेच्या जागीं तुटते, तेथें होत नाहीं, उलट फसतो. किती मैल वाट बांधली, हा आंकडा उद्घाटनाच्या फलकावर शोभून दिसतो. परंतु त्या वाटेची किंमत ठरवावयाची असेल, तर मैल न मोजतां वर्दळीच्या वेळीं तिच्यावरील सर्वांत वाईट चौकांत जाऊन उभें राहावें, आणि दहा वर्षांच्या मुलास तो चौक एकट्यानें ओलांडूं देण्यास त्याचे आईबाप तयार होतील काय, एवढेंच पाहावें.